पट्टीखालचा रंग : बेसबॉल पेनंटच्या संग्रहाचं तिसरं वर्ष

या हिवाळ्यात नवीन काहीही घेतलं नाही. न्यू जर्सीतल्या घराच्या तळघरात भिंतीवरचे सगळे २३ पेनंट (संघाचं नाव छापलेले फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे, तिकोनी झेंडे) उतरवले आणि एकेक करून टेबलावर पालथे घातले. दोन वर्षं मी पुढची बाजू पाहूनच खरेदी करत होतो. यंदा फक्त मागची बाजू, शिवण आणि टाचणीची भोकं पाहायची असं ठरवलं होतं.

सुरुवात मुद्दाम सगळ्यात महागड्या पेनंटपासून केली : ब्रुकलिन डॉजर्स, १९५५. या सालाला एवढी मागणी का, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. १९४१ ते १९५३ या काळात डॉजर्स हा न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातला संघ पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेत, न्यू यॉर्कच्याच यँकीज संघाकडून हरला. १९५५ला त्यांना सातव्या सामन्यात हरवून ते जिंकले आणि १९५७चा हंगाम संपल्यावर लॉस एंजेलिसला निघून गेले. ब्रुकलिनच्या वाट्याला आलेलं वर्ल्ड सिरीजचं हे एकमेव विजेतेपद. त्यामुळे त्याच्या नकलाही पुष्कळ.

माझा पेनंट दिसायला अगदी जुना होता. तपकिरी झाक, घड्यांच्या खुणा, कोपऱ्यांना भोकं. पण रुंद बाजूला जी पट्टी शिवलेली असते, झुपके जिच्यात अडकवलेले असतात, ती हलकेच उचलून भिंगातून पाहिलं तर खालीही तीच तपकिरी झाक! वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेल्या कापडाचा रंग उन्हा-उजेडानं उडतो, पण पट्टीच्या आड उजेड पोचत नाही. तिथे रंग ताजा राहायला हवा. इथे सगळीकडे सारखाच, म्हणजे चहासारख्या कशात तरी बुडवून काढलेला. भोकंही कोरी, गंजाची खूण एकालाही नाही.

मग मिलवॉकी ब्रेव्ह्जचा पेनंट शेजारी ठेवला. हा संघ बोस्टनहून १९५३मध्ये मिलवॉकीला आला आणि १९६६मध्ये अटलांटाला गेला, त्यामुळे साल छापलेलं नसलं तरी काळ ठरतो. वरचा निळा फिका पडलाय, पट्टीखाली मात्र गडद. तीनपैकी दोनच भोकांभोवती गंजाचं वर्तुळ आहे. छपाईची शाई जाडसर, आणि घडी जिथे पडली होती तिथेच तडकलेली. खरं जुनेपण असं जागोजागी वेगळं असतं.

या ब्रेव्ह्जला कसरही लागलेली आहे, म्हणून तो स्वस्तात मिळाला होता. आता ती कसरच मला सगळ्यात मोलाची वाटते. शालींच्या घड्यांमध्ये डांबरगोळ्या ठेवणाऱ्या घरात मी वाढलो, कसरीची कुरतड डोळ्यांच्या ओळखीची आहे : कडा वेड्यावाकड्या, आणि भोकाच्या आजूबाजूची लव वरवर खरवडल्यासारखी. ती लोकर खाते, ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाही. कृत्रिम फेल्टला भोकं दिसली तर ती कुणीतरी पाडली आहेत असं मी धरून चालतो.

फेल्ट कशाचं आहे हे पाहायला शिवणीच्या आतून एक तंतू काढून जाळला. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम तंतू आक्रसून वितळतो, टणक मणी उरतो. डॉजर्सचा मणी झाला. एक सावधगिरी : १९५०च्या दशकातल्या पुष्कळ फेल्टमध्ये लोकरीबरोबर रेयॉन आहे आणि ते कागदासारखं जळतं, त्यामुळे तेवढ्यावरून पेनंट बाद करू नका.

अतिनील टॉर्चवर माझा पूर्वी फार भरवसा होता, तो कमी झाला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य असतं, ते या उजेडात निळसर चमकतं. नुसता शिवणीचा दोराच चमकला तर मी दोरा नवा असल्याचा संशय घेतो. पण माझा न्यू यॉर्क जायंट्सचा पेनंट सगळाच मंद चमकतो, आणि बाकी प्रत्येक कसोटीला तो उतरतो. आधीच्या मालकानं तो धुतला असावा. तूर्त तो 'शंका' लिहिलेल्या खोक्यात आहे.

छपाईतली चूक पकडणं त्यामानानं सोपं. फलंदाजाच्या आकृतीचं मेजर लीगचं (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं) चिन्ह १९६९चं, त्याआधीच्या पेनंटवर ते असूच शकत नाही. भिंगाखाली रंगांचे बारीक ठिपके दिसले तर १९५५चा म्हणून दिलेला तो माल मी परत ठेवतो. सिॲटल पायलट्स हा संघ १९६९चा एकच हंगाम खेळला, त्यामुळे त्याच्यावर दुसरं कुठलं साल दिसलं की पुढे बघायचंच नाही.

हिशेब असा : २० पक्के, दोन नकली, एक शंकेत. दुसरा नकली म्हणजे हाच चिन्हाचा घोळ, पाच मिनिटांत निकाल लागला. डॉजर्सच्या विक्रेत्यानं पैसे परत करायची तयारी दाखवली, पण पेनंट त्याच्याकडे गेला तर पुन्हा कुणाला तरी खरा म्हणून विकला जाईल. म्हणून तो ठेवून घेतला आणि मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईनं मोठ्या अक्षरात इंग्रजीत आणि मराठीत लिहून टाकलं : नक्कल.