सेनिओ नदीचं रीळ आणि आजोबांची कॅसेट: या महिन्याची मजल

22 मिनिटांच्या कॅसेटपैकी साडेसहा मिनिटांवर चित्र बसलं होतं. त्यातलं दीड मिनिट काल मीच काढून टाकलं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: चुलत आजोबांच्या युद्धाच्या आठवणी कॅसेटवर आहेत, त्या आवाजावर मी त्या काळातलं फिल्म चित्रण बसवतोय. दुसऱ्या महायुद्धात आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत, आठव्या भारतीय डिव्हिजनमधून इटलीत लढले. 9 एप्रिल 1945 ला पलटणीनं सेनिओ ओलांडली. याच पलटणीतल्या नामदेव जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, त्याच दिवसाचा. आजोबा सांगतात, "नदी आपल्या वढ्यायेवढी, पन बांध देवळायेवढं."

काढलेली क्लिप देखणी होती. जवान पायपुलावरून पळताहेत, पाण्यात आभाळ. तीन आठवडे टाइमलाइनवर होती आणि मी तिच्यावर खूश होतो. मग सावल्यांकडे लक्ष गेलं. सगळ्या आखूड, पायाशी. हल्ला तर संध्याकाळी सातनंतर सुटला होता! कॅमेरामनची डोप शीट (कुठं, कधी, काय चित्रित केलं याची नोंद) पुन्हा वाचली: नदी तीच, तारीख दोन दिवसांनंतरची. पुन्हा पाहिलं तर मागचा एकजण चक्क हसतोय, आणि त्यावर आजोबांचा आवाज, जोडीदार पडल्याचं सांगणारा. अंगावर काटा आला.

आगीच्या फवाऱ्याचं (फ्लेमथ्रोवरचं) चित्रण मात्र ठेवलंय. मागे दोन अधिकारी हात मागे बांधून निवांत उभे आहेत, म्हणजे हे प्रात्यक्षिक. तशी पट्टी खाली टाकली. आणखी एका तुकड्यात सगळेच डावखुरे दिसत होते. ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट (गोळी भरायचा खटका) उजवीकडे असतो, त्यावरून कळलं की फिल्म उलटी छापलीय. फिरवून घेतली.

बॉम्बफेकीच्या चित्राला अडचण आली नाही. 9 एप्रिलच्या दुपारी 800 हून जास्त जड बॉम्बफेकी विमानं आली होती; "आभाळ दिसंना" याच्यावर त्याच दिवसाचं चित्रण मिळालं.

रिळं मुकीच आहेत. आधी मी स्फोटांचे तयार आवाज भरले होते, तेही काढले. आता खाली कॅसेटची खरखर आणि मधेच आजीनं चहा ठेवल्याचा कपबशीचा आवाज.

जोडीदाराच्या दीड मिनिटावर सध्या काळा पडदा आहे. तिथं काही शोधायचं की तसंच ठेवायचं, अजून ठरत नाही. पुढच्या रविवारी 10 एप्रिलच्या डोप शीट काढून बसणार आहे.