बलश्रीच्या लेण्यातून त्र्यंबकला

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला चालत जायचं, हे आमच्या घरात सासूबाईंपासून आहे. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावातून दिंडी निघते, नाशिकरोडवरून नाशिकला येते आणि तिथून त्र्यंबकचे शेवटचे २८-३० किलोमीटर चालते. पहाटेचा काकडा, पायाखाली गारठलेलं डांबर, डोक्यावर तुळस. यंदा माझी तेरावी वारी. एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी आल्यामुळे बायकांच्या पिशव्यांत तीळ जास्तच होते. पण यंदा हरिपाठ तोंडात होता आणि ध्यान दुसरीकडे.

धाकटा मुलगा तोफखान्यात आहे. २०२५च्या मे महिन्यात सीमेवर तोफा चालल्या तेव्हा त्याचा काही दिवस फोनच नव्हता. मग आला. "आई, आम्ही बरोबर मारलं," म्हणाला. मी देवापुढे साखर ठेवली. रात्री मात्र डोळा लागेना. बरोबर मारलं म्हणजे तिकडे कुणावर तरी पडलं. तो कुणाचा असेल? हे नवऱ्याला बोलले नाही, पोराला तर नाहीच नाही. आठ महिने ते मनात घेऊन फिरले आणि तेच घेऊन दिंडीत चालायला लागले.

नाशिकरोडला दिंडी आली की एक सिस्टर आम्हाला चहा देतात. निवृत्त नर्स आहेत, ख्रिस्ती. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्याच होत्या, म्हणून धाकट्याला अजून "माझा बाळ" म्हणतात. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला त्या स्वतः चालत जातात, त्यामुळे पायांचं दुखणं त्यांना सांगावं लागत नाही. आर्टिलरी सेंटर तिथून फार लांब नाही. तिथल्याच मैदानावर पोराची कसम परेड झाली होती. चहा पिता पिता देवळालीकडून तोफेच्या सरावाचा एक दणका आला आणि माझ्या हातातला कप हलला. सिस्टरनी पाहिलं. मग त्या आमच्याबरोबर चालू लागल्या, दोन-तीन किलोमीटर तरी.

मी सरळ विचारलं, "सिस्टर, तुमच्या येशूला माझं पोर चालेल का?"

त्या म्हणाल्या, येशूच्या आधी बाप्तिस्मा देणारा योहान होता, त्याच्याकडे शिपाई आले होते, आम्ही काय करावं म्हणून. त्यानं नोकरी सोडा म्हटलं नाही. जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना, एवढंच म्हणाला. कफर्णहूमचा रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा अधिकारी, आपल्या आजारी चाकरासाठी येशूकडे आला, तर येशू म्हणाला, एवढा विश्वास मला इस्राएलात आढळला नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं. पण सिस्टर अर्ध्यावर थांबणाऱ्या नाहीत. त्याच येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात वैऱ्यावर प्रीती करा म्हटलंय, त्याच्यासाठी प्रार्थना करा म्हटलंय. त्याला धरायला आले तेव्हा शिष्यानं तलवार काढून एकाचा कान तोडला, तर त्यानं तलवार ठेवायला लावली आणि त्या माणसाचा कान बरा केला. "आमच्यातल्या पहिल्या शतकांतल्या कित्येक गुरूंना ख्रिस्ती माणसानं शिपाई होणं मान्य नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग राज्यच ख्रिस्ती झालं आणि कुठली लढाई न्यायाची, याचे नियम लिहिले गेले. १०९५ साली तर खुद्द पोपनंच धर्मयुद्धाला हाक दिली. ते मला येशूच्या शब्दांत बसवता येत नाही." वळणावर त्या थांबल्या. "त्र्यंबकला गेलीस की समोरच्या पोराचंही नाव घे. नाव माहीत नसलं तरी घे."

त्यांचा मला राग आला. खोटं कशाला सांगू?

नाशिकच्या मुक्कामी दुपार मोकळी होती. माझे सातवीचे गुरुजी पाथर्डी फाट्याजवळ राहतात. ते बौद्ध आहेत, वारीला येत नाहीत, पण दिंडी आली की मी त्यांच्या पाया पडून येते. गुरुजींना तो प्रकार आवडत नाही. "आधी बस," म्हणतात. त्या दिवशी मात्र मला घेऊन ते त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढले. सत्तरी ओलांडलेला माणूस, माझ्या पुढे.

वर २४ लेणी आहेत. तिसऱ्यात त्यांनी मला भिंतीवरची अक्षरं दाखवली. लहान असताना आम्ही याला पांडवलेणी म्हणायचो आणि भीमाची गोष्ट सांगायचो. हे लेणं एका आईनं भिक्खूंना दान दिलंय, हे मला पन्नाशीनंतर कळलं. गौतमी बलश्री, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिनं हा लेख कोरवला. त्यात मुलाचं कौतुक आहे: शक, यवन, पह्लवांना मोडणारा, क्षहरात या शत्रू राजघराण्याचा वंश निःशेष करणारा, आईची अखंड सेवा करणारा. आणि त्याच लेखात पुढं, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं ज्याला आवडत नाही असा.

मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. एक वंश निःशेष केला आणि जीव घेणं आवडत नाही. राजाच्या स्तुतीत असं लिहितातच, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ती आई होती. पोरगा जिंकून आला याचा अभिमान तिला होता, आणि तो मनानं तसा नाही हे दगडावर राहावं असंही तिला वाटत होतं. पावणेदोन हजार वर्षांहून जास्त काळ ती दोन्ही वाक्यं एका भिंतीवर आहेत. मी अक्षरांवर हात ठेवणार होते, गुरुजींनी हटकलं. झिजतात म्हणाले.

मग पायरीवर बसून मी त्यांनाही तेच विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "बुद्धांना एका लढवय्या नायकानं विचारलं होतं. लढता लढता मेलेला स्वर्गात जातो असं जुने आचार्य सांगतात, तुम्ही काय म्हणता? बुद्ध म्हणाले, हे विचारू नकोस. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं, समोरचे मरोत असं ज्याच्या मनात असतं, ते मन आधीच खाली गेलेलं असतं. त्याला स्वर्ग नाही, वाईट गती आहे. तो रडायला लागला. बुद्धांच्या बोलण्यामुळे नाही, म्हणाला, आजवर मला फसवलं गेलं म्हणून."

माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. गुरुजींनी शब्द मऊ केले नाहीत आणि मी त्यांची त्याबद्दल ऋणी आहे. आपल्या बौद्ध लोकांनीही हे पाळलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख माणसं हलवली गेली, हे अशोकानं स्वतः कोरून ठेवलं, पश्चात्तापही लिहिला, पण कलिंग परत दिलं नाही. श्रीलंकेच्या इतिहासात तर एका राजाला अरहंत, म्हणजे मुक्तीला पोचलेले भिक्खू, सांगतात की तुझ्या हातून खरी माणसं दीडच मेली, बाकीची माणसांत धरायची नाहीत. हे सांगताना गुरुजींचा आवाज चढला होता.

दोन्ही वाटा वैर सोडा म्हणतात, पण एका जागी मला त्या फार वेगळ्या वाटल्या. अंगुलिमालानं कितीजणांना मारलं, मग तो भिक्खू झाला, तरी लोकांनी त्याला दगड मारले. डोकं फुटून आला तेव्हा बुद्ध म्हणाले, सोस, हे तुझ्याच करणीचं फळ आहे. येशूच्या शेजारच्या क्रुसावर एक गुन्हेगार होता. त्यानं नुसती आठवण ठेव म्हटलं, तर येशूनं त्याला आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील म्हणून सांगितलं. बुद्धाच्या वाटेवर माफ करणारा कोणी नाही, आपलं मन आपणच धुवायचं. मला बुद्धाचं उत्तर खरं वाटतं आणि पोरासाठी येशूचं हवंसं वाटतं. असं दोन्हीकडून घेता येतं का, मला माहीत नाही. गुरुजी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरोडला लागलो. महिरावणी, तळेगाव, डावीकडे अंजनेरी. टाचेला फोड आला होता. संध्याकाळी कीर्तन संपून पसायदान सुरू झालं आणि आयुष्यभर म्हटलेली ओळ मी पहिल्यांदा ऐकली: "जे खळांची व्यंकटी सांडो." खळ मरोत असं ज्ञानोबांनी मागितलं नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं मागितलं. आणि मागणारं पोर कोण? ज्या चार भावंडांना गावानं वाळीत टाकलं, त्यांतलं. निवृत्तिनाथ थोरले भाऊ आणि गुरूही. ज्याच्या पायाशी बसून ज्ञानोबा हे शिकले, त्याच्याच समाधीला मी निघाले होते.

त्र्यंबकला कुशावर्तात हातपाय धुतले आणि रांगेत उभी राहिले. कित्येक तास गेले. सिस्टरचं बोलणं, बलश्रीची भिंत, तो रडणारा नायक, सगळं मनात होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं: माझं पोर सुखरूप ठेवा, आणि समोरचंही. समाधीवर डोकं टेकलं आणि तोंडातून निघालं, "माझं पोर." पुढचं निघेना. मागून ढकललं, मी बाहेर आले.

बाहेर रथाची गर्दी लोटली होती. दिंडीतल्या बायका फराळाला हाका मारत होत्या, भगर गार होतेय म्हणून. मी तुळस जाऊबाईंच्या हातात दिली आणि परत रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिले.