तेहतीस इनिंग्जचा संघ

१८ एप्रिल

आजच्याच तारखेला, १९८१ मध्ये, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या गावी बेसबॉलचा एक सामना सुरू झाला आणि तो जून महिन्यात संपला. व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत लांब सामना अशी त्याची नोंद आहे. तो जिंकणारा पॉटकेट रेड सॉक्स, म्हणजे स्थानिकांचा ‘पॉसॉक्स’, आता अस्तित्वात नाही, आणि ज्या मॅककॉय स्टेडियमवर तो झाला तेही २०२५ मध्ये पाडण्यात आले. नोकरीनिमित्त त्या परिसरात राहत असताना मी तेथे अनेकदा गेलो होतो, त्यामुळे हा संघ नेमका कशाने संपला, हा प्रश्न आज पुन्हा मनात घोळत राहिला.

पॉटकेट हे गिरण्यांचे गाव. पाण्याच्या शक्तीवर कापसाचे सूत काढणारी अमेरिकेतील पहिली यशस्वी गिरणी सॅम्युएल स्लेटर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथेच उभारली. महापौर टॉमस मॅककॉय यांनी दलदलीच्या जागेवर हट्टाने बांधवून घेतलेले स्टेडियम १९४२ मध्ये खुले झाले, तेव्हा लोकांनी त्याला महापौरांचा खुळेपणा ठरवले होते. १९७३ पासून येथे मेजर लीगमधल्या बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या लगेच खालच्या पायरीवरचा संघ, खेळू लागला. आपल्याकडच्या रणजी संघाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फसवी आहे: रणजी संघ राज्याच्या संघटनेचा असतो, तर येथे संघ खाजगी मालकाचा, खेळाडू मात्र बोस्टनचे आणि त्यांना केव्हा वर बोलवायचे हेही बोस्टनच ठरवणार. मालकाच्या हाती उरतात ती तिकिटे, खुर्च्या आणि खाद्यपदार्थ.

१९७७ मध्ये दिवाळखोरीत निघालेला हा संघ बेन मोंडोर यांनी घेतला. ते कापडगिरण्यांच्या व्यवसायात कमावलेले, फ्रेंच कॅनेडियन वंशाचे गृहस्थ होते. तिकीट स्वस्त ठेवायचे, गाडी उभी करण्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कुटुंबांना निर्धास्तपणे येता आले पाहिजे, हे त्यांचे धोरण होते. त्याचे फळ असे की एकेकाळी ओस पडणाऱ्या या मैदानावर २००५ च्या हंगामात साडेसहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. येथील खेळाडूंची बैठक प्रेक्षकांच्या पायांखाली, मैदानाच्या पातळीवर होती. त्यामुळे मुले दुधाचे प्लॅस्टिकचे कॅन कापून त्यांत चेंडू व पेन ठेवत, दोरीने खाली सोडत आणि स्वाक्षरी झाली की वर ओढून घेत. माझ्या मते संघाची खरी मिळकत हीच होती, आणि ती कोणत्याही ताळेबंदात दाखवता येण्याजोगी नव्हती.

त्या सामन्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. प्रतिस्पर्धी होता रॉचेस्टर रेड विंग्ज. ईस्टरच्या आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, एरवी नऊ इनिंग्जचा, म्हणजे दोन्ही संघांच्या नऊ-नऊ पाळ्यांचा, असणारा खेळ बरोबरीत अडकला. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेपलीकडे नवी इनिंग सुरू करू नये, हा नियम पंचांजवळच्या त्या वर्षीच्या प्रतीत नव्हता, म्हणून खेळ चालूच राहिला. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली, तर पॉटकेटच्या वेड बॉग्सने फटका मारून पुन्हा बरोबरी साधून दिली. त्या क्षणी त्याचे सहकारी त्याच्यावर खूश झाले असतील की वैतागले असतील, कोण जाणे. ऊब मिळावी म्हणून खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळल्या. अखेर लीगच्या अध्यक्षांशी फोनवर संपर्क झाला आणि पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस इनिंग्जनंतर, २-२ अशा स्थितीत खेळ थांबवण्यात आला. त्या वेळी १९ प्रेक्षक उरले होते.

२३ जूनला उरलेला खेळ झाला तेव्हा मेजर लीगमध्ये खेळाडूंचा संप चालू होता, त्यामुळे देशभरचे पत्रकार पॉटकेटमध्ये जमले. सगळे तेहतिसाव्या इनिंगमध्ये, अठरा मिनिटांत आटोपले: डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, पोहोचला आणि पॉटकेट ३-२ असे जिंकले. या सामन्यातले बॉग्स आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले. विजयी फटका मारणारा कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. मायनर लीग, म्हणजे मेजरखालच्या पायऱ्यांवरचे बेसबॉल, काय असते, हे मला या एका तपशिलाइतके दुसऱ्या कशानेही समजले नाही.

मोंडोर २०१० मध्ये वारले. २०१५ मध्ये संघ नव्या गुंतवणूकदारांकडे गेला. त्यांनी प्रथम राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्समध्ये नव्या स्टेडियमची खटपट केली, मग पॉटकेटमध्येच स्लेटरच्या गिरणीजवळ सरकारी पैशाच्या मदतीने ते बांधण्याचा प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळात रेंगाळला आणि शेवटी बदललेल्या अटींसह संमत झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये मालकांनी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहराची निवड जाहीर केली. त्यांना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही, कारण मॅककॉय खरोखरच जुने झाले होते. पण जनतेचा पैसा मिळाला नाही तर गाव सोडायचे, हा विचार मोंडोर यांच्या काळातला नव्हता. २०२० हे निरोपाचे वर्ष ठरले होते, तेही महामारीने हिरावले. मैदानात टेबले मांडून लोकांना जेवण देण्यात आले, सामना एकही झाला नाही.

बोस्टनचे खेळाडू आता वूस्टरमध्ये खेळतात, म्हणून तो जुनाच संघ आहे असे काही जण मानतात. मी ते मानत नाही. पॉटकेटमध्ये मॅककॉयच्या जागी नवीन हायस्कूल व्हायचे आहे, आणि नदीकाठी सरकारी पैशाच्या मदतीने एक स्टेडियमही २०२५ मध्ये उभे राहिले. ते फुटबॉलचे आहे.