टेक्सासची थंडी आणि दहा वर्षे पडून राहिलेला अहवाल

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर आलेल्या हिमवादळाचा विषय निघाला की मुंबईतील माझे बहुतेक स्नेही एकच प्रश्न विचारतात: अमेरिकेला बर्फ काय नवा आहे, मग तिथे इतकी माणसे दगावली कशी? प्रश्न रास्त आहे. डॅलसमध्ये तेव्हा पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि मिनेसोटात अशा थंडीत मुले शाळेत जातात. पण टेक्सासमधील घरे, नळ आणि वीजकेंद्रे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली होती. सरकारी नोंदीनुसार त्या वादळाने २४६ जणांचा बळी घेतला.

माझी पुतणी त्या वेळी ह्यूस्टनला राहत होती. तिच्या घरातील उष्णता विजेवर अवलंबून होती आणि पाण्याचे नळ माळ्यावरून गेलेले होते. वीज गेल्यावर घर काही तासांत गारठले, आणि पुढे माळ्यावरचा नळ फुटून छतातून पाणी गळू लागले. “काका, अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे चढवले आहेत,” असे ती फोनवर सांगत होती, आणि दादरच्या घरात बसून मला तिला धीर देण्यापलीकडे काहीच करता येत नव्हते. तिच्यासारखी सुमारे ४५ लाख घरे अंधारात होती.

ही वीज गेली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. टेक्सासची सर्वाधिक वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. थंडीने वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रांतील उपकरणे गोठली. मागणी कमी करण्यासाठी भारनियमन सुरू झाले, तेव्हा वायू पुढे ढकलणाऱ्या काही यंत्रणांचीच वीज तोडली गेली, त्यामुळे वायू आणखी घटला आणि वीज आणखी कमी पडली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची, म्हणजे राज्यभराच्या वीजजाळ्याची, वारंवारता (एरवी ती ६० हर्ट्झ असते आणि वीज मागणीपेक्षा कमी पडली की घसरते) ५९.४ हर्ट्झच्या खाली गेली आणि चार मिनिटांहून अधिक काळ तिथेच राहिली. ती नऊ मिनिटे तशीच राहिली असती, तर उरलेली केंद्रेही बंद पडून जवळजवळ संपूर्ण राज्य कित्येक आठवडे अंधारात गेले असते. शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेण्याचीही सोय नव्हती, कारण टेक्सासने आपले ग्रिड मुद्दाम वेगळे ठेवले होते.

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र निराळी आहे. २०११ च्या फेब्रुवारीत तिथे अशीच थंडी पडून वीज गेली होती, केंद्रीय नियामकांनी चौकशी केली होती आणि यंत्रणा थंडीसाठी सज्ज करण्याच्या शिफारशी लिहून दिल्या होत्या. त्या सक्तीच्या नव्हत्या, म्हणून खर्च टाळला गेला. त्याच राज्यातील एल पासो शहराच्या वीज कंपनीने २०११ नंतर आपल्या केंद्रांवर पैसे खर्च केले. ते शहर पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेलेही आहे, आणि २०२१ मध्ये तिथे फारच थोड्या ग्राहकांची वीज अल्पकाळ गेली.

मुंबईकराला हे परके वाटू नये. पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरवरून ५० मिलिमीटर करावी, असे सांगणारा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ मध्येच तयार होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा त्यातील बरीच कामे व्हायची होती. एवढा पाऊस त्या वाहिन्यांनाही पेलला नसता हे मान्य करूनही, पाणी किती तास तुंबून राहिले असते हा प्रश्न उरतोच. त्या रात्री आपल्याकडे बंद गाड्यांत माणसे गुदमरली. टेक्सासमध्ये ऊब मिळवण्यासाठी गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवणाऱ्या, घरात कोळसा पेटवणाऱ्या कुटुंबांना कार्बन मोनॉक्साइडने गाठले. दोन्हीकडे लोकांना धोक्याची माहिती वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत मिळायला हवी होती.

टेक्सासमध्ये वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची करणारा कायदा २०२१ च्या जूनमध्ये झाला. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे: घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी मजल्यानुसार तयार करावी, आणि वीज गेली तर त्यांच्या दारावर कोणी जायचे हे आताच नावानिशी ठरवावे.