पत्रपेटीवरचे नाव आणि जर्मनीतले पहिले खाते

जर्मनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की खात्याविना घर मिळणे अवघड आणि पत्त्याविना खाते उघडणे त्याहून अवघड. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नागरी कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. माझ्या घरमालकांना मात्र आधी अनामत रक्कम हवी होती, तीही जर्मन खात्यातूनच.

एका बँकेने कारण न सांगता मला परत पाठवले. पुढे समजले की युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पक्का पत्ता नसलेल्यालाही, मूलभूत खात्याचा हक्क जर्मन कायद्याने २०१६ पासून दिलेला आहे. या खात्याला बाझिसकोंटो म्हणतात, त्याचा अर्ज वेगळा असतो आणि तो पूर्ण भरून दिल्यावर बँकेला कामकाजाच्या १० दिवसांत खाते देऊ करावे लागते किंवा नकाराचे कारण कळवावे लागते. हे मला पहिल्याच खिडकीवर कोणी सांगितले असते तर!

खाते उघडल्यानंतरची गंमत वेगळीच. कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून, निरनिराळ्या दिवशी टपालाने येतात. आमच्या इमारतीत सदनिकांना क्रमांक नव्हते, पत्रपेटीवरचे आडनाव हीच काय ती ओळख, आणि पेटीवर माझे नाव नसल्यामुळे पिनचे पाकीट परत गेले. मग मी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून चिकटवले आणि आठवड्याभराने दुसरे पाकीट आले.