वजनकाट्यावरचा पारवा

१५ जानेवारी, सातारा

संक्रांतीचा मांजा दुसऱ्या दिवशी पक्षी पकडतो. मंगळवार तळ्याजवळ विजेच्या तारेला लोंबकळत होता हा पारवा. वायरमनने लाइन बंद करून खाली घेतला. तारेवरचा पक्षी आपण बांबू लावून काढायला जाऊ नये, बांबू ओला असला तर जीवच जायचा.

मांजा नायलॉनचा. हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातलेली आहे, तरी दर वर्षी मिळतोच. पक्ष्याला गुंडाळलेला मांजा ओढून काढायचा नाही, ओढला की तो मांसात आणखी रुततो. दोन्ही बाजूंनी वीतभर सोडून कापायचा, पक्षी तसाच खोक्यात ठेवायचा आणि उरलेला दोरा नंतर उजेडात नखं कापायच्या कात्रीने तुकड्या-तुकड्याने काढायचा. पायाची बोटं आणि चोच उघडून जिभेखालची जागा पाहायलाच हवी. दोरा तिथेही असतो.

खोका बुटांचा. भोकं पक्षी आत ठेवायच्या आधी पाडायची. तळाला जुना टॉवेल. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, म्हणजे उकडलं तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता येतं. पारव्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, ४१-४२ अंशांच्या घरात. जखमी पक्षी ही ऊब टिकवू शकत नाही आणि साताऱ्याची जानेवारीतली रात्र काही दयाळू नसते. बाटली दर दोन-तीन तासांनी बदलायची.

मग एक तास झाकण उघडायचं नाही. पाणी नाही, दाणा नाही. घरातला प्रत्येकजण एकदा तरी डोकावतो आणि म्हणतो, "किती शांत बसलाय." तो शांत नसतो, भेदरून गोठलेला असतो. शिक्रा आणि मांजर ज्याच्या मागावर, तो आजार दाखवत नाही. म्हणून चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि खोक्यातली शीट, एवढ्या दोनच गोष्टी खरं बोलतात.

तासाभराने वजन: २६४ ग्रॅम. डोळा नारिंगी, चोचीच्या मुळाशी पांढरा खडूसारखा उंचवटा, म्हणजे पूर्ण वाढलेला. पिल्लाचा डोळा करडा-तपकिरी असतो, उंचवटा गुलाबीसर आणि आवाज चिरका.

डाव्या पंखाची पुढची कड कापली गेली आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेला जो कातडीचा पडदा असतो, त्याला तीनेक सेंटिमीटरची चीर. दिसायला किरकोळ, पण उडणं याच पडद्यावर अवलंबून. तो ताणला गेला तरच पंखाला पुढची धार मिळते. कडा काही तासांत वाळतात आणि वाळलेल्या कडा टाक्यांनीही जुळत नाहीत. म्हणून सलाइनमध्ये भिजवलेली गॉज जखमेवर ठेवून त्याच दुपारी पशुवैद्यकाकडे.

शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. "हळद-तेल लावा की जरा, लगेच बरं होतंय."

"काकू, तेल नको. पिसं चिकटली की त्याला थंडी सोसणार नाही."

तेलकट मलमालाही तीच अडचण. जखम धुवायला साधं सलाइन, फार तर पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं आणि जिवंत मांसही जाळतं, ते नाही. माणसांची वेदनाशामकंही नाहीत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं कशी मेली ते आपल्या देशाने पाहिलं. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.

एक्स-रेत निघालं: पंखाच्या मधल्या भागातल्या दोन हाडांपैकी मागचं, जाड हाड मोडलंय, पुढचं बारीक हाड शाबूत. दुर्दैवातलं नशीब. शाबूत हाडच मोडक्या हाडाला फळीचं काम करतं. पडद्याला विरघळणारे टाके, पंखाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बँडेज, वजनावर मोजून दिलेलं प्रतिजैविक आणि वेदनेचं औषध.

१६ जानेवारी

वजन २५८, बँडेजचे चार ग्रॅम वजा करून. रोज सकाळी, खाण्याआधी, एकाच वेळेला.

पाणी पाजताना बरेच पक्षी मरतात. चोच उघडून चमच्याने ओतलं की पाणी श्वासनलिकेत जातं, कारण तिचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. पारवा कोंबडीसारखा घोट घेऊन मान वर करत नाही. चोच बुडवून सलग ओढून पितो. म्हणून वाटी खोल हवी, दोन-अडीच सेंटिमीटर तरी. ओआरएसचं पाकीट नेहमीसारखं एक लिटरमध्ये विरघळवून, कोमट करून, चोचीचं टोक हळूच बुडवायचं. नाकपुड्या वर राहिल्या पाहिजेत. आज तिसऱ्या प्रयत्नात गळ्याची लाट दिसली, पाच-सहा वेळा. पुरे.

शीट हिरवी, पातळ, चिकट. पोटात काही नसलं की अशीच होते. नीट असलेली शीट गडद गोळीसारखी आणि वर पांढरी टोपी.

१७ जानेवारी

२५१. पिसांतून चपटी तपकिरी माशी निघाली आणि खेकड्यासारखी तिरकी पळत दुसऱ्या पंखाखाली शिरली. पारव्यांवरची रक्तपिपासू माशी. एका पारव्याकडून दुसऱ्याकडे रक्तातले परजीवीही नेते. पशुवैद्यकाने दिलेली पावडर मानेखाली चिमूटभर. कुत्र्याची गोचीड पावडर अंदाजाने टाकायची नसते.

१८ जानेवारी

२४३. चार दिवसांत एकवीस ग्रॅम गेले आणि वाटीभोवती दाणेच दाणे. दाणे विखुरले म्हणजे खाल्ले असं नाही. जंगली पक्षी बंद खोक्यात वाटीला ओळखत नाही. चोचीने उडवतो, गिळत नाही. काल वाटीत ३० ग्रॅम टाकले होते. आज खोक्यातले वेचून मोजले तर २९ ग्रॅम. पारवा दाणा सोलत नाही, अख्खा गिळतो, त्यामुळे टरफलांचा घोळ नसतो आणि हा हिशोब चुकत नाही. धडधाकट पारव्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. रात्रभरात शीट फक्त चार.

आता भरवणं आलं. जानेवारीत मंडईत हिरवा मटार आहे, त्याच्याइतकं सोपं काही नाही. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं. पक्ष्याला नॅपकिनमध्ये गुंडाळायचं, मान तेवढी बाहेर, छातीवर दाब नको. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चोच कडेने उघडायची; टोक धरून ओढली तर मऊ टोक चिरतं. मटार जिभेच्या मागे, श्वासनलिकेच्या भोकापलीकडे ठेवायचा, चोच सोडायची आणि गिळेपर्यंत थांबायचं. पहिल्या वेळी पंधराच. दुसऱ्या वेळी पंचवीस. उद्यापासून तीस-चाळीस, दिवसातून दोनदा.

गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपायची. भरवल्यावर दाण्यांची मऊ थैली लागते, सकाळी ती रिकामी हवी. सकाळीही भरलेली, पिठाच्या गोळ्यासारखी लागली तर भरवणं बंद करून ऊब वाढवायची आणि पशुवैद्यकाला फोन. थंड पडलेल्या पक्ष्याचं पचन थांबतं, त्यावर आणखी दाणे कोंबले की ते पिशवीतच आंबतात.

चोच उघडली की आत नजर टाकावी. पिवळा, पनीरसारखा थर आणि घाण वास असेल तर तो वेगळा रोग, त्याचं औषध वेगळं. याचं तोंड गुलाबी, स्वच्छ.

दूध, पाव, बिस्किट, शिजवलेला भात यातलं काहीही नाही. आणि आपल्या भागात घराघरांत असतो तो कोरेगावचा वाघ्या घेवडा, तो कच्चा तर मुळीच नाही. घेवडा राजम्याच्या जातीचा, कच्चेपणी पक्ष्याला विषारी.

१९ जानेवारी

२४६. काटा पहिल्यांदा वर सरकला.

२२ जानेवारी

२५४. आज स्वतःहून खाल्लं. युक्ती एवढीच, की खोका काढून मोठा कोंबडीचा खुराडा दिला, तळाला टॉवेल, वाटीऐवजी रुंद ताटली, आणि दाणे भरून खोलीबाहेर निघून जाणं. समोर बसलं की तो खात नाही. मिश्रण: शाळू तीन भाग, गहू दोन, हिरवे मूग आणि मसूर मिळून दोन, भरडलेला मका एक, करडई अर्धा. पहिल्यांदा करडईच संपते. शेजारी छोट्या वाटीत धुतलेली बारीक वाळू आणि भाजून चुरलेली अंड्याची टरफलं. दात नसलेल्या पक्ष्याला पोटात दाणे दळायला वाळूचं जातं हवंच, आणि हाड जुळताना कॅल्शियम लागतं.

बसायला काठी नाही, वीट. पारवा कड्याकपारीतला, विहिरीच्या भिंतीतला पक्षी. सपाट जागेवर तळवा टेकतो. गोल काठीवर अवघडतो, आणि तळव्याला घट्टे पडून सूज आली की ती महिनोन्महिने जात नाही.

बँडेजचं एक सांगायला हवं, कारण घरगुती उपचारात इथेच चूक होते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खालीवर करूनच तो श्वास घेतो. छातीभोवती पट्टी आवळली की तो गुदमरतो, आणि लोक म्हणतात धक्क्याने गेला. आपल्या पक्ष्याची पट्टी पंखापुरतीच आहे, कारण मोड कोपराच्या पुढे आहे. खांद्याजवळचं हाड मोडलं असतं तर अंगाभोवतीही एक वेढा लागला असता, तोही करंगळी जाईल इतका सैल. ते हाड पोकळ असतं आणि आत हवेच्या पिशवीशी जोडलेलं. तिथली उघडी जखम पिचकारीने धुतली तर पाणी थेट श्वासाच्या वाटेत. चिकटपट्टी म्हणून कागदी टेपच. साधी चिकटपट्टी काढताना पिसं घेऊन येते.

आणि मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी आला तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी प्रतिजैविक. मांजराच्या दातांतले जंतू दीड-दोन दिवसांत रक्तात भिनतात.

२५ जानेवारी

२६०. साफसफाई. वाळलेली शीट झाडायची नाही, आधी पाणी शिंपडायचं, मग पुसायची, तोंडाला मास्क. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढं रण पेटलं, त्यात धुळीचा मुद्दा खोटा नव्हता. शीट आणि पिसांच्या भुकटीने फुप्फुसाला कायमची सूज येऊ शकते. एका पक्ष्याचा महिनाभराचा पाहुणचार वेगळा, तरी दमेकऱ्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात खुराडा नको. घरी गावरान कोंबड्या असतील तर त्यांच्यापासूनही लांब. मान वाकडी करणारा पारव्याचा आजार कोंबड्यांच्या मानमोडीच्याच कुळातला.

२९ जानेवारी

२६८. चौदा दिवस झाले, बँडेज निघालं. मोडीच्या जागी बोटाला वाटाण्याएवढी टणक गाठ लागते, ती हवीच आहे. याहून जास्त दिवस बांधून ठेवलं तर हाड जुळतं आणि सांधा आखडतो. मग पक्षी दिसायला बरा, उडायला निकामी.

पडदाही शिवल्या जागी आकसलाय. दिवसातून दोनदा, पशुवैद्यकाने दाखवल्याप्रमाणे: खांदा आणि मनगट धरून पंख हळू उघडायचा, अडेल तिथे थांबायचं, दहा मोजायचे, सोडायचं. आठ-दहा वेळा. जोर केला तर नवी गाठ तुटते. उजवा पंख शेजारी उघडून तुलना करायची. आज डावा दोन बोटं कमी उघडतो.

दोन मोठी पिसं मुळापासून उपटली गेली होती, तिथे निळसर नळ्या फुटल्यात. नळीत रक्त असतं, तिला धक्का नको. उपटलेलं पीस महिना-दीड महिन्यात येतं. कापलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच खुंट राहतं. म्हणून "उडून जाऊ नये" म्हणून पिसं छाटणाऱ्यांना हात जोडावेत.

३ फेब्रुवारी

२७७. दुपारी उन्हात परातीत चार बोटं पाणी. आधी काठावर बसून पाहत राहिला, मग आत उतरून पंख आपटले, भिंतीपर्यंत शिंतोडे. निघाल्यावर पाण्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरा तवंग. ती पिसांची भुकटी. नीट सजणाऱ्या, अंगाची काळजी घेणाऱ्या पक्ष्याचीच अशी उतरते. तवंग आला की जमलं समजायचं.

संध्याकाळी घुमला. गळा फुगवून, विटेवर गोल फिरत. नर असावा. गळ्यावर उन्हात हिरवं-जांभळं चमकतं आणि बाकी सगळा तोच पारवा रंग, जो साड्यांच्या दुकानात मागितला तर बरोबर मिळतो.

९ फेब्रुवारी

२८५. माडीवरच्या खोलीत मोकळा. पंख्याचा स्विच टेप लावून बंद, काचेला पडदा. काच त्याला दिसत नाही. पहिल्या दिवशी जमिनीवरून कपाटापर्यंत, तिरका, डावीकडे झुकत. खाली उतरणं फसवं असतं, घसरत खाली कोणीही येतो. पाहायचं ते उंची घेणं. सरळ वर, जमिनीवरून, धावपट्टी न घेता.

१४ फेब्रुवारी

२९१. कपाट-खिडकी-कपाट, पाच मिनिटं सलग. उतरल्यावर चोच मिटलेली. परवा उघडी होती.

हात लावायला गेलं की पंखाची थप्पड मारतो आणि घशातून हुंकारतो. ठीक आहे. माणसाच्या हातावर बसणारा पारवा बाहेर मांजराच्याही शेजारी बसतो.

१८ फेब्रुवारी

२९६. सकाळी साडेआठ, आभाळ कोरं. सोडायची जागा तीच जिथे सापडला, कारण थवा, पाणी, दाण्याच्या जागा तिथल्या ओळखीच्या. वेळ सकाळची, म्हणजे अंधार पडायच्या आत बसायची जागा शोधायला दिवसभर मिळतो. पावसाळा असता तर साताऱ्याच्या झडीत सोडला नसता, उघडीप मिळेपर्यंत ठेवला असता. आदल्या दिवशी पोटभर दाणे, सकाळीही थोडे. आसपासच्या झाडांवर उरलेला मांजा काल संध्याकाळी काठीने गुंडाळून काढला, मूठभर निघाला. तो कापून, कागदात बांधून कचऱ्यात. नुसता टाकला तर पुन्हा कुणाच्या तरी पायात.

खोका भिंतीवर ठेवला, झाकण काढलं. हवेत फेकायचं नाही. मिनिटभर मान वळवून पाहत राहिला. मग पंखांचा तो टाळीसारखा आवाज, सरळ वर, तारेच्या वरून, समोरच्या वाड्याच्या कौलांवर. तिथे सात-आठ पारवे होते. एक पाऊल सरकून त्यांनी जागा दिली.

खुराडा धुवून उन्हात. काट्याचा सेल बदलायचा आहे.