वास नसलेलं औषध : आमची वाटचाल

बडोद्याजवळ नंदेसरीला असलेल्या आमच्या शेती-औषधांच्या कारखान्यात पहिल्यांदा येणारा माणूस फाटकातच रुमाल काढतो. पाचेक मिनिटांनी तो रुमाल हळूच खिशात परत जातो. "इथे वासच येत नाही की हो," असं कुणी म्हणालं की मला फार बरं वाटतं, कारण या वासापायी आमची निम्मी हयात गेली. आधी तो घालवायला, आणि मग तो गेल्यामुळे रुसलेलं गिऱ्हाईक परत आणायला.

मी बडोद्याचीच. माहेर दांडिया बाजारातलं, घरातले सगळे नोकरदार. गायकवाडांच्या काळात पणजोबा कारकुनीला आले ते इथलेच झाले. धंदा म्हणजे गुजराती लोकांनी करायचा, आपण त्यांचे हिशेब लिहायचे, अशी आमच्याकडची समजूत. 1994 साली सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि अंकलेश्वरला कीटकनाशकांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. नऊ वर्षं गाडीने अपडाउन केलं. ज्या दिवशी सायपरमेथ्रिनचे नमुने हाताळायचे असत, त्या रात्री गालांवर मुंग्या आणि आग. पाणी मारलं की आणखी भडकायची. तिथल्या एका जुन्या फिटरकाकांनी युक्ती सांगितली, व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून तेल चोळायचं. त्याने खरंच आराम पडतो. पुढे कळलं की त्याला शास्त्राचाही आधार आहे. पण बावीस-तेविसाव्या वर्षी पर्समध्ये पावडरऐवजी ती कॅप्सूल घेऊन फिरणारी मुलगी म्हणजे मी.

2004 साली नंदेसरीत शेड घेतली. माझे मिस्टर कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, मेकॅनिकल झालेले. यंत्रं त्यांची, प्रयोगशाळा माझी. सुरुवात झाली लेबर-जॉबने. मोठ्या कंपन्या टेक्निकल, म्हणजे कीड मारणारा मूळ घटक, पाठवायच्या, आम्ही त्याचं औषध करून, बाटल्या भरून परत द्यायचो. डायक्लोरव्हॉस भरलं, मोनोक्रोटोफॉस भरलं, दोन्ही जहाल कीटकनाशकं. आज 'सुरक्षित उत्पादनं' या मथळ्याखाली आमची माहिती छापून येते तेव्हा हे सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सांगते. पहिल्या पाच वर्षांचे हप्ते त्याच पैशांतून फिटले.

या जातीच्या विषांवर काम करणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे नसांच्या कामाला लागणारं एक विकर, तपासावं लागतं. ते घसरलं की माणसाला त्या कामावरून हलवायचं. भरणीवरच्या एका पोराचं घसरलं, आम्ही त्याला खोकी बांधायला लावलं. दोन आठवड्यांनी तो दारात उभा. "बेन, मला परत भरणीवर घ्या, ओव्हरटाइम तिकडेच मिळतो." तब्येतीबद्दल एक शब्द नाही. त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो, आणि ठरवलं की यातून बाहेर पडायचं. प्रत्यक्षात पडायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

आता थोडं औषधाच्या पोटात शिरते. ईसी नावाचा जो प्रकार दुकानात दिसतो, त्यात कीड मारणारा घटक झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेला असतो. पाण्यात टाकलं की दूध होतं. काही विषांना स्वतःचा वास असतो हे खरं, पण शेतकरी ज्याला 'औषधाचा वास' म्हणतो तो पुष्कळदा या द्रावकाचा. तो पेट घेतो. कातडीतून विष आत न्यायला मदत करतो. साध्या एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीतूनही तो झिरपतो, आणि काही महिन्यांत बाटलीचं पोट खपाटीला जातं, म्हणून त्याला आतून वेगळा थर दिलेली महागडी बाटली लागते. म्हणजे घटक तोच ठेवून नुसता द्रावक काढून टाकला, तरी गोदामवाल्यापासून फवारणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा धोका कमी होतो. हे मी अंकलेश्वरलाच शिकले होते. करून दाखवायची संधी आता होती.

द्रावक नको तर मग घटक पाण्यात तरंगता ठेवायचा. त्याला एससी म्हणतात. घटकाची भुकटी पाण्यात कालवून बीड मिलमध्ये, म्हणजे बारीक मण्यांच्या चक्कीत, दळायची, इतकी की कण दोन-तीन मायक्रॉनचे व्हावेत. दळताना मिल तापते, म्हणून बाहेरून थंड पाणी फिरवत राहायचं. मग झँथन गमचा घोल घालायचा, म्हणजे कण तळाशी बसत नाहीत. ऐकायला इडलीचं पीठ वाटण्याइतकं सोपं.

2009 साली बीड मिल घेतली ती सेकंडहँड, बंद पडलेल्या एका रंगाच्या कारखान्यातली. मिस्टरांनी आठ दिवस धुतली, मणी बदलले, सील बदललं. तरी हेक्साकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या पहिल्या तीन बॅचेस आकाशी निळ्या निघाल्या. मी रडकुंडीला आले. हे मात्र गप्प झाले आणि म्हणाले, "रंग दिसला म्हणून कळलं. आधी यात तणनाशक असतं तर?" खरंच होतं ते. बुरशीनाशकात तणनाशकाचा अंश गेला तर डोळ्यांना काही दिसत नाही, दिसतं ते थेट शेतात, पीक वाकडंतिकडं व्हायला लागल्यावर. तेव्हापासून आमच्या आवारात तणनाशकाचा एक डबाही येत नाही. चांगल्या ऑर्डरी त्यापायी सोडल्या. तो निळा रंग लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

हेक्साकोनॅझोलच का, तर ते 5 टक्के ईसी आणि 5 टक्के एससी अशा दोन्ही रूपांत आधीच नोंदलेलं होतं. इथे कायद्याची गंमत सांगायला हवी. 1968च्या कीटकनाशक कायद्यात कलम 9(3) खाली जो पहिल्यांदा एखादं उत्पादन नोंदवतो, त्याला विषारीपणाची, परिणामकारकतेची, अवशेषांची सगळी माहिती द्यावी लागते. त्याच्या मागून येणाऱ्याला 9(4) खाली त्याच अटींवर नोंदणी मिळते. आमच्यासारखे जेनेरिकवाले जगतात ते या 9(4) वर. पण 'त्याच अटींवर' म्हणजे जसंच्या तसं. जुनं, पेट घेणारं, वासाचं ईसी जसंच्या तसं उतरवायला खर्च कमी. त्यातला द्रावक काढून नवं रूप करायला गेलात की तुम्ही पहिले, म्हणजे 9(3), म्हणजे हंगामामागून हंगाम चाचण्या. एका जुन्या ईसीचं पाण्यावरचं रूप आमच्या प्रयोगशाळेत तयार आहे. 54 अंशांच्या ओव्हनमध्ये 14 दिवस ठेवूनही ते फुटत नाही. त्याच्या नोंदणीच्या खर्चाचा हिशेब आम्ही दोनदा मांडला आणि दोनदा फाइल बांधून ठेवली. सुरक्षित करणाऱ्याला नक्कल करणाऱ्यापेक्षा जास्त मोजावं लागतं, ही रचना मला आजही पटत नाही. म्हणून आमची पद्धत साधी. दुसऱ्या कुणी सौम्य रूप नोंदवलं की त्याच्या मागोमाग पहिल्या रांगेत आपण.

एससी तयार झालं आणि डभोईच्या एका दुकानदाराने बाटली उघडून नाकाशी धरली. "बेन, आ तो पाणी छे!" दुसऱ्याने मान तिरकी करून सुचवलं, "थोडी स्मेल नाखी दो ने." वास नाही म्हणजे दम नाही, हे गणित विक्रेत्याचंही आणि शेतकऱ्याचंही. पहिल्या हंगामात निम्म्याहून जास्त माल परत आला. खेडा जिल्ह्यात मातरकडे भातावर पर्णकोष करपा येतो. तिथे आम्ही एकाच शेतात चार ओळी ईसीच्या, चार ओळी एससीच्या अशा फवारून दोऱ्या बांधून ठेवल्या. पंधरा दिवसांनी गावातल्या लोकांना काही फरक सापडेना, आणि फरक न सापडणं हाच आमचा विजय होता. पण माल खपायला लागला तो फवारणाऱ्या मजुरांमुळे. संध्याकाळी डोकं दुखत नाही, असं ते आपसात बोलायला लागले आणि मग शेतमालकाकडे 'ते बिनवासाचं' मागायला लागले.

सगळं जमलंय असं वाटत असतानाच 2011च्या पावसाळ्यात बाटल्या फुगल्या. गोदामात पहाटे टक-टक आवाज, झाकणं उडालेली, फरशीवर पांढरे ओघळ. कारण लाजिरवाणं होतं. झँथन गम हे जिवाणूंचं आवडतं खाद्य. त्यात सडू नये म्हणून बायोसाइड घालावं लागतं, आणि मी भाव वाचवायला त्याचं प्रमाण कमी केलं होतं. सबंध लॉट आंबला. किडीचं औषध विकणाऱ्या बाईच्या मालाला जिवाणू लागले, हा विनोद विक्रेत्यांनी मला वर्षभर ऐकवला. त्यांचं चुकत नव्हतं. सगळा माल बदलून दिला, आणि त्या वर्षी दिवाळीला बोनसऐवजी मिठाईवर भागवलं.

तेव्हापासून तपासणीत एक गोष्ट वाढवली. माल तरंगता राहतो की नाही ते प्रमाणित कठीण पाण्यात बघतात, 342 पीपीएमच्या. 250 मिलिच्या नळकांड्यात घालायचं, तीस वेळा उलटंपालटं करायचं, अर्धा तास ठेवायचं, वरचे नऊ भाग काढून तळाच्या एका भागात किती उरलं ते मोजायचं. आम्ही त्याच्या जोडीला करजण आणि पादऱ्याच्या बोअरचं पाणी कॅनमधून आणून तीच परीक्षा घेतो. शेतकरी काही प्रमाणित पाणी घेऊन फवारायला निघत नाही.

2017 साली यवतमाळहून बातम्या यायला लागल्या. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. मोनोक्रोटोफॉसचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येत होतं. लेबर-जॉबवाल्याला आपण भरलेली बाटली कुठे जाते ते कळत नाही. तेव्हाही कळलं नाही. आम्ही ते काम त्याच महिन्यात बंद केलं. डायक्लोरव्हॉसच्या बाबतीत मात्र मोठेपणा घेणार नाही. 2018 साली सरकारने 18 कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यात डायक्लोरव्हॉसला 31 डिसेंबर 2020 पर्यंतची मुदत होती, आणि आम्ही ती जवळजवळ पूर्ण वापरली.

2022 साली क्लोरँट्रानिलिप्रोलचं पेटंट संपलं. आमच्या धंद्यात अशा तारखा लग्नाच्या मुहूर्तासारख्या लक्षात असतात. हे औषध अळीच्या स्नायूंमधला कॅल्शियमचा बंदोबस्त बिघडवतं. अळी खायची थांबते आणि मरते. माणसाच्या शरीरातली तीच यंत्रणा त्याला फारशी दाद देत नाही, म्हणून त्याच्या लेबलवर हिरवा, म्हणजे सगळ्यात कमी विषारी गटाचा त्रिकोण. मोनोक्रोटोफॉसवर लाल असायचा. हिरवा त्रिकोण म्हणजे पिऊन टाका असं नाही, हे मी प्रत्येक सभेत सांगते. पाण्यातल्या बारीक जिवांना आणि रेशमाच्या किड्यांना ते फार घातक आहे, तेव्हा पंप तलावात धुवायचा नाही. पण पुष्कळ पिकांत एकरी 60 मिलित काम होतं, आणि 18.5 टक्के एससी हे त्याचं रूप तर आम्हाला तोंडपाठ.

पहिल्या बाटल्या घेऊन पादऱ्याजवळ वांग्याच्या एका मळ्यात गेलो. फळ पोखरणारी अळी मेली, सगळे खूश. मालकाच्या सूनबाईंनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "ताई, हे तर दुधासारखं दिसतं. वासपण नाही. माझ्या पोराने उचललं तर?"

मी उभी ती उभीच. वीस वर्षं ज्या वासाशी भांडले, तो निदान पोरांना लांब ठेवत होता. पॅराक्वाट या तणनाशकात मुद्दाम दुर्गंधी, रंग आणि ओकारी आणणारा पदार्थ घालतात हे मी वाचलेलं, लोकांना सांगितलेलंही. स्वतःच्या बाटलीकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. परतताना गाडीत मिस्टर म्हणाले, "आपल्या त्या निळ्या बॅचेस आठवतात?" पुढच्या अर्जात घटकांच्या यादीत रंग लिहूनच पाठवला. आता आमचं औषध निळं असतं, आणि या खेपेला ते मिल नीट न धुतल्यामुळे नाही.

सध्या लढाई झाकणाशी आहे. एकरी 60 मिलि म्हणजे 15 लिटरच्या दहा पंपांना प्रत्येकी 6 मिलि. शेतकरी मोजतो झाकणाने, आणि आमच्या जुन्या झाकणात पंचवीस मिलि मावायचं. चौपट डोस, चौपट खर्च. म्हणून सोबत छोटं मोजमाप दिलं, पारदर्शक, रेघा काढलेलं. सहा महिन्यांनी त्याच पादऱ्याच्या घरी चहाला गेले तर ते ओट्यावर, पोराच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर उपडं घातलेलं. स्वच्छ धुतलेलं होतं, असं त्या माउलीने दोनदा सांगितलं.

ती सगळी मोजमापं आम्ही परत मागवली. आता रेघ झाकणाच्या आतच पाडायची आणि झाकण बाटलीला पट्टीने जोडलेलं ठेवायचं, असं ठरलंय. मकरपुऱ्याच्या मोल्डिंगवाल्याकडून काल नव्या डायमधलं पहिलं झाकण आलं. पाणी भरून मोजलं, तर सहाची रेघ साडेसातवर पडली आहे. उद्या सकाळी पुन्हा त्याच्याकडे जायचंय.